दंडातला तीळ

उलट्या औषधांच्याच आहेत, असे केतकी स्वतःला बजावत राहिली. क्षयाच्या गोळ्यांनी मळमळतेच. लघवी केशरी होते, तोंडाची चव जाते, भूक मरते. हे सगळे तिने पुस्तकात वाचले होते आणि आता तिसरा महिना अंगावर काढत होती. प्रसूतिकक्षात खोकणाऱ्या कुणा बाईकडून तिला हा आजार आला होता. स्त्रीरोग विभागात शिकणाऱ्या डॉक्टरांपैकी दर वर्षी एखाद्याला तो व्हायचाच. त्याचे कुणाला फार काही वाटेनासे झाले होते.

"ओकून येतेस आणि वर चहा पितेस," विनय गावित म्हणाला. दोघे एकाच वर्षाला होते, शेवटच्या. "ओपीडीत एखादी बाई असं सांगत आली तर तू काय करशील?"

"लघवी तपासायला सांगेन."

"मग?"

"मला तीळ आहे, विनय."

"त्या बायकांनाही असतो."

तिने चहाचा कप आपटला, कपाटातली तपासणीची पट्टी उचलली आणि बाथरूमचे दार लावून घेतले. पट्टीवर दोन रेघा आल्या. तिने दुसरी पट्टी मागवली. त्याही पट्टीवर दोनच आल्या.

बाहेर येऊन तिने पहिली गोष्ट केली ती ही, की ओपीडीतले वाचकयंत्र उचलून स्वतःच्या दंडावर टेकवले. हिरवा दिवा लागला. तीळ चालू. मात्रा सोडली. सुरक्षित.

"हे बघ," ती विनयला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हिरवा! बघ ना, हिरवा!"

जणू विनयनेच काही मोडून ठेवले होते.

तीळ म्हणजे दंडाच्या कातडीखाली बसवायचा एक दाणा. त्याच्या आधीची साधने बाईच्या शरीरात महिनाभर, वर्षभर औषध ओतत राहायची, गरज असो वा नसो. त्यातून डोकेदुखी, अंगावरून जाणे, वजन वाढणे. तीळ तसा नव्हता. स्त्रीबीज बाहेर पडायच्या आधी काही दिवस रक्तात एक संप्रेरक चढू लागते. तिळाला ते कळायचे. कळले की तो औषधाचा बारीकसा थेंब सोडायचा, तेवढे दिवस बीज अडवून धरायचा आणि मग पुन्हा गप्प बसायचा. बाईला काही आठवायला नको, नवऱ्याला काही विचारायला नको. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बायका रांगा लावून तो टोचून घेऊ लागल्या.

बघता बघता तांबी बंद झाली, गोळ्यांची पाकिटे भांडारात पडून राहिली. नव्या डॉक्टरांना जुनी साधने शिकवायची म्हणजे एक तास पडद्यावर चित्रे दाखवायची आणि नंतर रबरी गर्भाशयात एकेकदा तांबी बसवायला लावायची, की झाली हजेरी. रबराला दुखत नाही, रबर आक्रसत नाही, रबर घाबरून मांड्याही मिटत नाही. सगळ्यांची तांबी बरोबर बसायची.

केतकीचीही बसली होती. गुणांच्या बाबतीत ती कधीच मागे नव्हती.

"रिफाम्पिसिन," विनय हळूच म्हणाला.

तिने वाचकयंत्र खाली ठेवले. क्षयाच्या औषधांतले मुख्य औषध तेच. ते यकृताला घाई करायला लावते. मग यकृत दुसरी औषधेही भराभर मोडून टाकते, गर्भनिरोधकाचे संप्रेरक त्यात पहिले. जुन्या गोळ्यांत औषध भरपूर तरी असायचे. तिळाचा थेंब मोजूनमापून दिलेला, यकृतापुढे त्याचा काय टिकाव लागणार? आणि वाचकयंत्र बिचारे खरेच सांगत होते. टाकीतून पाणी सुटले एवढेच त्याला कळायचे. ते नळापर्यंत पोचले की नाही, हे त्याला कुणी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न तिला लेखी परीक्षेत आला होता. तिने तक्ता काढून उत्तर लिहिले होते. पूर्ण गुण मिळाले होते.

"मेडिसिनच्या त्या धनगरने गोळ्या दिल्या तेव्हा तुला काहीच विचारलं नाही?" विनय म्हणाला.

"कँटीनमध्ये दिल्या. म्हणाला, तू तर गायनॅकची, तुला काय सांगायचं."

तिथली रीतच तशी होती. डॉक्टर आजारी पडला की त्याचा केसपेपर निघत नसे. तो रांगेत बसत नसे, त्याला खुर्चीवर बसवून कुणी प्रश्न विचारत नसे. कुणीतरी मित्र समोसा खाता खाता एक्स-रेची फिल्म उजेडात धरायचा आणि पाकीट हातात ठेवायचा. यालाच सगळे आपुलकी म्हणत.

"आणि तीळ मला कुणी टोचला?" तिने विचारले.

"मी," विनय म्हणाला. "ड्रेसिंगरूममध्ये. तू फोनवर बोलत होतीस."

*

केतकीचा नवरा चेतन केळी पिकवण्याच्या शीतगृहात व्यवस्थापक होता. लग्नाला दीड वर्ष झाले होते. केतकी दुपारी तिथेच गेली, कारण घरी सासूसासरे असत आणि भिंती पातळ होत्या. क्रेटच्या थप्प्यांमधून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या स्वेटरला गार वास येत होता.

तिने उभ्याउभ्याच सांगितले.

आधी त्याचा चेहरा उजळला. ते पाहून तिला आणखी राग आला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

"पण तुला तर ते बसवलेलं आहे ना?"

"आहे. क्षयाच्या औषधानं त्याचं काम बिघडतं."

"हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पेपरात लिहायला माहीत होतं, चेतन! स्वतःच्या दंडाकडे बघून नाही आठवलं."

ट्रकमध्ये क्रेट चढवणाऱ्या माणसांचा गलका चालला होता.

"मला तरी बोलली असतीस, निरोधचं पाकीट आणलं असतं," तो म्हणाला.

"कुठून? चौकातला मेडिकलवाला तुझा वर्गमित्र, म्हणून तू लग्नाआधीच सांगितलं होतंस की ते आपल्याला जमणार नाही."

"तेव्हाची गोष्ट वेगळी." तो ओशाळला. मग घसा साफ करून म्हणाला, "मी वाचलंय, त्या औषधांवर असताना मूल होऊ देता येतं. धोका नसतो."

"बरोबर वाचलंस. होऊ देता येतं."

"मग?"

"मला आता नकोय. मी उभ्या उभ्या दमते. परीक्षा तोंडावर आहे. मला हवं तेव्हा हवंय. लोकांना मी रोज हेच सांगते ना? की तुमचं तुम्ही ठरवा. मग मी नको ठरवू?"

"मी कुठं नाही म्हणालो?" तो म्हणाला. पण त्याने नजर वळवली. "फक्त बाहेर कुणाला कळू देऊ नकोस. बायकांच्या डॉक्टरणीलाच स्वतःचं जमलं नाही, असं म्हणतील. तुझ्याकडे कोण येईल?"

ती परत निघाली. गेटपर्यंत तो सोबत आला. हात धरावा की नाही हे त्याचे ठरेना, तिने ठरवायला मदत केली नाही.

*

विभागप्रमुख डॉ. नसरीन तडवी मॅडमना सांगणे भाग होते. गर्भपाताच्या गोळ्या त्यांच्याच परवानगीने मिळत. सही केतकीची एकटीची पुरली, नवऱ्याची लागत नाही. गोळ्या तिने घेतल्या. चार दिवस वाईट गेले, मग सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसले. मॅडमनी स्वतः पाहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी संगणक पुढे ओढला.

"तिळाच्या नोंदीत हे घालावं लागेल. दोनच कारणं विचारतात. तीळ निकामी, नाहीतर वापरणारीची चूक."

"तीळ चालू आहे, मॅडम."

"मग दुसरं लिहू."

"माझी काय चूक झाली? मी दंड चुकीचा वापरला का?"

मॅडमना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. "केतकी, तिसरा रकानाच नाही. मी काय करू?"

"क्षयाचं औषध असेल तर दिवा लाल व्हावा, एवढं तर करता येईल? टोचताना एक प्रश्न तरी विचारायला लावा."

"तू गोळ्या घेतल्यास तेव्हाच कळवलं मी वर. उत्तर आलं, प्रकरण एकच आहे, पुढे बघू."

केतकीला टेबलावरची फुलदाणी फेकावीशी वाटली. ती फेकली नाही, पण हलवून दुसरीकडे ठेवली.

"मॅडम, ही योजना तुम्हीच इथं आणलीत. तांबीची खोली तुम्हीच बंद केलीत. आता मला सांगा, अजून तीन महिने मला ही औषधं घ्यायची आहेत. मी काय वापरू?"

"तांबी," मॅडम म्हणाल्या. "तांब्याला यकृताचं काही देणंघेणं नाही. ती गर्भाशयात बसून आपलं काम करते."

"कोण बसवणार?"

मॅडमच्या मानेच्या मणक्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली होती. त्या सही करायच्या तीही डाव्या हाताने आधार देऊन. आणि विभागातले बाकीचे सगळे तिळाच्या काळात शिकलेले होते. ज्यांनी हजारो बायकांचे बाळंतपण केले, ज्यांच्या हातून पोट फाडून बाळ काढणे दोन गप्पांमध्ये व्हायचे, त्यांच्यातल्या एकानेही जिवंत बाईला तांबी बसवली नव्हती.

"तुला वाटतं मी आळसानं बंद केली ती खोली?" मॅडम सावकाश म्हणाल्या. "मी तुझ्या वयाची होते तेव्हा बायका तांबी काढून घ्यायला येत. सासू म्हणाली काढ, नवरा म्हणाला टोचते काढ. गोळ्या दिल्या तर चुलीत जायच्या. तीळ आला तेव्हा मी रडले होते आनंदानं. कुणाला दिसत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. वाटलं, आता बाई सुटली."

"बाई सुटली नाही, मॅडम. आपण सुटलो. विचारण्यातून."

केतकी तशीच उठून जिना उतरली.

*

क्षयाच्या औषधांचे केंद्र त्याच इमारतीत, तळमजल्यावर होते. स्त्रीरोग विभाग वर. मधल्या जिन्यावरून रोज माणसे जात-येत, पण खालचा संगणक वरच्या संगणकाशी बोलत नसे. केतकी रांगेतल्या बायकांजवळ जाऊन सरळ विचारू लागली.

"ताई, दंडात तीळ आहे का?"

"बाजूला व्हा, मॅडम, रांग मोडू नका," खिडकीतला माणूस ओरडला.

"मी पण याच औषधावर आहे," केतकी म्हणाली. "रांगेतच आहे."

सहावी की सातवी बाई कल्पना कोळी होती. केळीच्या पॅकिंग शेडवर काम करायची. तीन मुले, शेवटच्या वेळी टाके आणि रक्त चढवावे लागलेले. तिने बाही वर केली.

"आहे की. तुमच्याच दवाखान्यात टोचला. का, परत काढताय का काय?"

केतकीने बोटाने चाचपला. कातडीखाली दाणा सरकला. "हे औषध चालू असताना तो काम करत नाही."

"मग हिरवा दिवा लागतो तो कशाचा?"

केतकी टाकी आणि नळ सांगायला लागली, पण कल्पनाने हात वर केला.

"माय वं! एवढं कळूनही तुम्ही कुणी सांगितलं नाही? मला चौथं झालं असतं तर मी मेली असती. तुमच्याच मॅडम बोलल्या होत्या तसं."

"तोवर घरवाल्यांना निरोध वापरायला सांगा."

"तुम्ही सांगता का तुमच्या घरवाल्याला?" कल्पनाने विचारले. रांगेतल्या दोघी खुदकन हसल्या.

"नाही सांगितलं," केतकी म्हणाली.

हसणे थांबले.

त्या सकाळी रांगेत तीळवाल्या नऊजणी निघाल्या. एकीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, ती भिंतीला टेकून बसली आणि तिने कुणाशी बोलायचे नाकारले. कल्पनाच्या पट्टीवर एकच रेघ आली. केतकीने सगळ्या नऊजणींना वर नेले आणि मॅडमच्या खोलीसमोरच्या बाकावर बसवले.

मॅडम दारात आल्या. त्यांनी बाकाकडे पाहिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"आता प्रकरण एकच राहिलं नाही," केतकी म्हणाली.

वर पुन्हा कळवले गेले. उत्तर आले की समिती नेमली जाईल. मॅडमनी ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवले आणि तोंडातून एक शिवी निघाली, जी त्यांच्या तोंडून विभागात कुणी ऐकली नव्हती. मग त्यांनी तालुक्याच्या आरोग्यकेंद्रांना फोन लावले. एका केंद्राच्या कपाटात मुदतीतल्या तांब्या सापडल्या. गाडी पाठवून त्या मागवल्या. बंद खोलीचे कुलूप विनयने तोडले, कारण किल्ली कुणाकडेच नव्हती.

*

दोन दिवसांनी कल्पना पहिली आली. दोन रेघा आलेली सोडून बाकीच्या बाहेर थांबल्या होत्या, आतून काय ऐकू येते त्याचा कानोसा घेत. ती टेबलावर चढली. मॅडम बाजूला उभ्या होत्या, डाव्या हातात बॅटरी धरून. केतकीने हातमोजे घातले, वेष्टन उघडले. तिचे हात स्थिर होते. या हातांनी तिने किती बाळे बाहेर काढली होती!

कल्पना कोपरावर टेकून उठली.

"डाक्टरीणबाई, एक विचारू? हे तुम्ही याआधी किती जणींना बसवलंय?"

केतकीच्या जिभेवर उत्तर तयार होते. पुष्कळ. घाबरू नका. ओपीडीत असेच म्हणायचे असते, बाईला धीर यावा म्हणून. विनय तिच्याकडे पाहत होता. मॅडमही.

"एकीलाही नाही," ती म्हणाली.

कल्पना टेबलावरून उतरली. तिने साडी सारखी केली आणि चपला शोधू लागली.

"ऐकून तर घ्या. मॅडम सांगत राहतील, मी करत जाईन. मॅडमनी पुष्कळ बसवल्यात."

"मग त्यांनीच बसवाव्यात."

"माझा हात चालत नाही, बाई," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे जिला येतं तिचा हात नाही, आणि जिला हात आहे तिला येत नाही. आणि पोट माझं." कल्पनाला चप्पल सापडली. "तुम्हालाही बसवायची आहे ना? याच औषधावर आहात, परवा बोलला होता रांगेत. मग आधी तुमच्यात बसवा."

विनय म्हणाला, "अहो, असं कसं..."

"का बरं? त्यांचं पोट शिकलेलं आहे का?"

बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसले. केतकी हसली नाही. इतके दिवस ती चिडली होती ती तिळावर, धनगरवर, चेतनवर, मॅडमवर, वरच्या कार्यालयावर. आता चिडायला समोर कुणी उरले नव्हते. तिने हातमोजे काढले.

"विनय, तू बसव."

"केतकी, वेडी आहेस का? मी... तू माझी... उद्या राउंडला तुझ्यासमोर कसा उभा राहू?"

"तसाच. आज तू माझ्या तोंडाकडे बघायचं. दुखलं तर तिथेच कळतं. रबराला तोंड नव्हतं."

मॅडमनी पडदा ओढायला हात पुढे केला.

"राहू द्या," केतकी म्हणाली. "कल्पनाताईंना बघायचंय."

ती टेबलावर चढली. छत तिने खालून कधी पाहिले नव्हते. ओल आलेला एक डाग होता आणि दिव्याची तार लोंबत होती. रोज इतक्या बायका हेच पाहत पडून राहतात, हे तिला नवे होते. विनयचे कपाळ घामाने ओले झाले होते.

"घाई नको," मॅडम म्हणाल्या. "आधी दिशा बघ. गर्भाशय पुढे झुकलंय की मागे? बोटांनी सांग मला."

"पुढे."

"आता गर्भाशयाचं तोंड धर. हळू. धरतानाच कळ येईल तिला."

कळ आली. केतकीने टेबलाची कड धरली. विनय थांबला.

"थांबू नकोस, पण ढकलूही नकोस," मॅडम म्हणाल्या. "सळई आत घाल. अडली की थांब आणि श्वास घे. तू नाही, केतकी तू."

केतकीने श्वास सोडला. पोटाच्या खोल तळाशी काहीतरी पिळले गेले. मासिक पाळीच्या सगळ्या कळा एका ठिकाणी गोळा झाल्यासारखे. तिच्या तोंडून आवाज निघालाच.

"आता नळी. खुणेपर्यंत. आता नळी मागे घे, दांडा नको. नळी! हां."

काहीतरी सुटले. विनयने मान वर केली, त्याचे डोळे पाण्याने भरले होते, आणि त्याने खरोखरच तिच्या तोंडाकडे पाहिले.

"दोरा दिसतोय," तो म्हणाला. "मॅडम, दोरा दिसतोय."

"काप. जरा लांब ठेव." मॅडमनी बॅटरी त्याच्या खांद्यावरून वाकून आत धरली. बराच वेळ पाहिले. "बरोबर बसलीय."

केतकी लगेच उठू शकली नाही. कल्पना टेबलाशी आली होती. तिच्या हातात अजून चप्पलच होती.

"दुखलं का?"

विनय घाईने म्हणाला, "नाही, नाही, थोडंसंच..."

"दुखलं," केतकी म्हणाली. "चांगलंच दुखलं. अजून दुखतंय. पण सहन होतं."

कल्पनाने तिच्याकडे नीट निरखून पाहिले, भाजी घेताना पाहतात तसे. मग तिने चप्पल खाली टाकली.

"मग मला आधी दुखण्याची गोळी द्या," ती म्हणाली. "ती लागू पडेस्तोवर मी बाहेर बसते. त्या बाकीच्यांनाही आत्ताच देऊन टाका. आणि यानंच बसवायची हं," तिने विनयकडे बोट केले, "याला आता एकदा येतं."